अक्काच्या संगणकाचं निर्लेखन

अक्का मंगळवारी सकाळी गेली. तिनं संगणकाचं बटण दाबलं होतं आणि ती खुर्चीत बसली होती. मी चहा घेऊन आले तेव्हा संगणक अजून उघडत होता.

अक्का माझी थोरली बहीण. नांदेडच्या या घरात आम्ही दोघीच राहत होतो. ती एका कचेरीत मराठी टंकलेखक होती, मी महाविद्यालयात ग्रंथपाल. निवृत्तीनंतर तिनं एक काम हाती घेतलं होतं. निलंग्याजवळच्या आमच्या गावातल्या शेतांची नावं ती उतरवून ठेवत होती. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, नाव नसतं. नाव माणसांच्या तोंडी असतं. लहानपणी वडिलांच्या मागं ती बांधाबांधानं हिंडली होती. मला सातव्या वर्षी शिकायला लातूरला मावशीकडे ठेवलं, आणि भाऊ मोठा होईपर्यंत वडील थकले. आमच्या तिघांत ती नावं तिला एकटीला ठाऊक होती. ती एका फाइलीत होती आणि फाइल या संगणकात.

तेरावं झाल्यावर मी ती फाइल उघडायला बसले. संगणक उघडायला अकरा मिनिटं लागली, फाइल उघडायला आणखी चार. पहिलं पान दिसलं. मी दुसऱ्या पानावर जायला गेले आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

भावाचा लातूरहून रोज फोन यायचा.

"ताई, ते डबडं कशाला ठेवून राहिली? इकून टाक. म्या नवा घेऊन देतो."

"यात अक्काची फाइल आहे."

"मग फाइल काढून घे अन् डबडं दे भंगारात."

"आधी नीट चालू तर दे."

"तू लई हट्टी हायस, बघ. अक्का तरी ऐकायची."

अक्का कुणाचंच ऐकत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं. मग त्यानं जेवलीस का म्हणून विचारलं.

मी ठरवलं की संगणक आपणच सुधारायचा. एका पुस्तकात वाचलं की संगणक सुरू होताना कितीतरी प्रोग्रॅम आपल्या नकळत त्याच्याबरोबर सुरू होतात आणि मागं चालत राहतात. त्यांची यादी टास्क मॅनेजरमध्ये असते. स्टार्टअप या शब्दावर दाबलं की दिसते, आणि नको तो प्रोग्रॅम तिथंच बंद करता येतो. मी यादी उघडली. एकतीस नावं होती. अक्कानं कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम रोज सकाळी उठून तो प्रिंटर शोधत होता. दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा देत होते. गाणी वाजवणारे तीन होते. अक्का तर रेडिओ ऐकायची.

यादीतला एक रकाना बघून मला बरं वाटलं. प्रत्येक नावासमोर प्रकाशक लिहिला होता. हे माझ्या ओळखीचं काम होतं. ग्रंथालयात निरुपयोगी पुस्तकं काढून टाकण्याला निर्लेखन म्हणतात. ते मनाला येईल तसं करता येत नाही. एकेक पुस्तक हातात घ्यायचं, नोंदवहीत लिहायचं, काढण्याचं कारण द्यायचं आणि मग काही दिवस ते वेगळ्या मांडणीवर ठेवायचं. कुणी मागायला आलं नाही, तरच पुढची कारवाई.

मी दोनशे पानी वही आणली. क्रमांक, नाव, प्रकाशक, बंद करण्याचं कारण, शेरा. नियम असा केला की रोज एकच प्रोग्रॅम बंद करायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा, किती वेळ लागला ते लिहायचं आणि काही बिघडलं का ते पाहायचं. प्रिंटरसमोर मी लिहिलं, "मूळ वस्तू घरात नाही." एका अँटिव्हायरससमोर, "दुसरी प्रत उपलब्ध." पंधरा दिवसांत वेळ सहा मिनिटांवर आला. मी फाइल उघडत नव्हते. संगणक पुरता नीट झाल्यावर एकदाच उघडायची आणि शेवटपर्यंत वाचायची, असं मनाशी धरलं होतं.

सोळाव्या दिवशी भावाचा फोन आला. त्यानं मला न विचारता नवा संगणक मागवला होता. मी फोन ठेवला, संगणकापुढं जाऊन बसले आणि रागाच्या भरात एकापाठोपाठ चार प्रोग्रॅम बंद करून टाकले. वही उघडलीसुद्धा नाही. संगणक साडेतीन मिनिटांत सुरू झाला. झालं, म्हटलं, आणि फाइल उघडली.

पानावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली, मध्येच उलटी प्रश्नचिन्हं, कंस, टिंबं. पानामागून पानं तसलीच. मी फाइल बंद करायला गेले तर संगणकानं विचारलं, बदल जतन करायचे का? मी नाही म्हटलं. तेवढं भान राहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानातून संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी फाइल आपल्या लॅपटॉपवर घेऊन उघडली. तिथंही तेच.

"बघा मॅडम, फाइलच सडली. मशीनचा दोष न्हाई."

"महिन्याभरापूर्वी मी पहिलं पान वाचलंय."

"सडायला काय महिना लागतो का? फॉरमॅट मारतो. एकदम मख्खन चालंल."

"आणि यातलं सगळं?"

"पुसून जाईल की. फोटो असले तर काढून ठेवतो. ही फाइल ठेवून काय लोणचं घालायचं?"

"नको. तुम्ही चहा घ्या."

"चहा घेतो, पन मॅडम, नंतर बोलवू नका, की आधीच का न्हाई सांगितलं."

ते गेल्यावर मी वही घेऊन बसले. बंद प्रोग्रॅमांची यादी आणि माझी वही समोरासमोर धरली. जी नावं पडद्यावर बंद दिसत होती पण वहीत नव्हती, ती कालची चार. एकाच्या नावात कीबोर्ड हा शब्द होता. तो सुरू केला, संगणक बंद करून उघडला. फाइल तशीच. तो आवाज कमीजास्त करायच्या बटणांचा निघाला. उरलेल्या तीनपैकी दोन प्रोग्रॅमांचे प्रकाशक मोठे होते, सगळीकडे दिसणारे. तिसऱ्याचं नाव अर्धंमुर्धं, आणि प्रकाशकाचा रकाना कोरा.

तो कोरा रकाना बघून मला स्वतःची लाज वाटली. नोकरीत असताना मुखपृष्ठ गेलेलं, प्रकाशकाचं नाव नसलेलं पुस्तक मी कधीच निर्लेखनात घातलं नाही. असं पुस्तक आधी उघडून पाहायचं असतं. बऱ्याचदा ते कुणीतरी गावात छापलेलं असतं आणि त्याची दुसरी प्रत कुठंच नसते. हाच नियम मी हाताखालच्या लोकांना शिकवला होता.

मी तो प्रोग्रॅम सुरू केला. संगणक पुन्हा उघडला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा 'म' उमटला. तो अक्काच्या कचेरीच्या काळातला मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम होता. जुना फॉन्ट त्याच्याच आधारानं दिसत होता. तो चालू नसला की तिनं लिहिलेलं मराठी कोणत्याही संगणकाला वाचता येत नव्हतं.

फाइल उघडली. चिंचंचं. लांबडं. खारं. दोड्डहोल, आणि पुढं अक्काची टीप: "कानडीत दोड्ड म्हणजे मोठं, होल म्हणजे शेत. आजीच्या माहेरच्या माणसांनी कसलं, तेव्हापासून." भांडणाचं: "भांडण कशाचं ते कुणी सांगत नाही. सध्या ऊस." मी शेवटपर्यंत वाचलं. त्रेसष्ट शेतं होती.

संध्याकाळी भावाला फोन करून काही नावं वाचून दाखवली.

"ताई, लांबडं आपलंच का गं?"

"अक्कानं तसं लिहिलंय. वडिलांनी विकलं."

"मला कुणी सांगितलंच न्हाई."

"मलाही नाही."

तो म्हणाला, "वाच पुढं."

त्या प्रोग्रॅमची नोंद मी वहीत केली. शेऱ्यात लिहिलं, "काढू नये." पण तो जुना आहे. हा संगणक बंद पडला तर नव्यावर तो चालेल याची खात्री नाही. फाइलीच्या कितीही प्रती काढल्या तरी त्या वाचता येणार नाहीत. म्हणून भावानं पाठवलेला नवा संगणक मी टेबलावर शेजारी मांडला आहे. जुन्यावर अक्काची फाइल उघडी ठेवते आणि नव्यावर आजच्या फॉन्टमध्ये ती टिपांसह पुन्हा टाइप करते. मला टंकलेखन येत नाही, एका बोटानं करते. रोज एक शेत होतं, कधी दोन.

एकोणीस झाली. चव्वेचाळीस राहिली आहेत.