मनोहररावांची बंदुकीची खोली

आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत मनोहररावांना कोणी कधी 'नाही' म्हणताना ऐकलं असेल, तर त्यानं मला येऊन भेटावं. मी त्याला तर्री-पोहे खाऊ घालीन, वर चहाही पाजीन. पोस्टात खिडकीवर बसून हा माणूस लोकांच्या मनीऑर्डरी स्वतःच लिहून द्यायचा, वर सासूची तब्येत विचारायचा, आणि मागची रांग रस्त्यावर जायची. घरी आले की कोणी त्यांची शिडी मागे, कोणी सायकलचा पंप, कोणी चक्क त्यांनाच मागे. "चला जी मनोहरराव, पोरीसाठी स्थळ पाह्यले जाचं आहे." हे चपला घालून तयार.

अशा माणसाच्या घरात दुनळी बंदूक आहे, हे ऐकून नवे भाडेकरू हसायचे. बंदूक वडिलांची, देवरावांची. कळमेश्वरकडं त्यांची संत्र्याची बाग होती, तिथली रानडुकरं हाकलायला घेतलेली. देवराव गेले तेव्हा बाग धाकट्या धोंडबानं सांभाळायची आणि बंदूक थोरल्यानं, असं ठरलं. जाताना म्हातारबा आणखी एक सांगून गेले : दसऱ्याला बंदुकीची पूजा थोरल्याच्या घरी व्हायची, आणि सगळ्यांनी तिथंच जेवायचं.

पुढं बागेतल्या विहिरीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. पण दसऱ्याला धोंडबा बायकोपोरं घेऊन यायचा, बंदुकीला फूल वाहायचा, चार घास खायचा आणि निघून जायचा. तेवढं एक बोट धरलेलं राहिलं होतं. यमुताई, म्हणजे मनोहररावांच्या घरच्या, पुरणात जायफळ किती घालायचं हेही त्या दिवशी धोंडबाला विचारून घालत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गल्लीमागची लाकडाची टाल जळाली. कोणाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी थानेदार ज्यांच्या घरी बंदुका आहेत त्यांची घरं बघत फिरले. मनोहररावांनी त्यांना आदरानं थेट स्वयंपाकघरात नेलं. चुलीच्या वर माळा, माळ्यावर गोवऱ्या आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, आणि पऱ्हाट्यांत जुन्या धोतरात काडतुसांसकट गुंडाळलेली दुनळी.

"ही बंदूक आहे का सरपण?" थानेदारांनी विचारलं. "आग लागली तर काडतुसं घरभर नाचतील. दसऱ्याच्या आत पक्का बंदोबस्त करा. नाहीतर बंदूक ठाण्यात जमा."

संध्याकाळी मनोहरराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"मार्तंडराव, बंदूक ठाण्यात गेली तं धोंडबा कायले येईन?"

"पुरणपोळी खायले येईन."

"तुमाले मजाक सुचून राहिली. तो माह्यासाठी येत नाही, बाबांच्या बंदुकीसाठी येते."

मग मात्र हा माणूस कामाला लागला. मागची अडगळीची खोली रिकामी केली. कवडू मिस्त्रीला बोलावून जुन्या भिंतीच्या आतून विटांची दुसरी भिंत घातली आणि दोन्हींच्या मधल्या फटीत वाळू भरली. वरचं लाकडं-कवेलूंचं छप्पर उतरवून सिमेंटची स्लॅब टाकली. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा मनोहररावांनी दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीसमोर रांग लावली. खोलीची खिडकी बुजवली, वर हवेपुरती लोखंडी जाळी ठेवली, विजेची तार आत येऊच दिली नाही. दार दुहेरी लोखंडी पत्र्याचं, मधे राख ठासलेली. आत भिंतीत पक्कं केलेलं लोखंडी कपाट बंदुकीसाठी, आणि काडतुसांची पेटी समोरच्या कोपऱ्यात वेगळी.

"आत बंदूक ठेवाची आहे का नवरी?" कवडू घाम पुसत म्हणायचा.

दार बसवायला अर्धी गल्ली लागली. मी हात लावला नाही, कारण कोणीतरी सूचना द्यायला पाहिजे होत्या. दार बसलं तेव्हा मी म्हटलं, "मनोहरराव, आता आमच्या घराले आग लागली तं आमी सहकुटुंब तुमच्या खोलीत येऊन बसू."

"या ना जी," ते म्हणाले. "मी आत पाण्याचा माठ भरून ठेवतो." आणि खरोखर ठेवला.

पोळ्याला खोली तयार झाली. बंदूक कपाटात गेली, किल्ली यमुताईंच्या कमरेला. आता गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गल्ली आमची आहे.

त्याच आठवड्यात समोरच्या जिजाबाईंच्या ओसरीवरून रॉकेलचा डबा चोरीला गेला. रेशनचं रॉकेल, तासन्‌तास उभं राहून आणलेलं. पुढच्या वेळी मिळालं तसा जिजाबाईंनी डबा थेट मनोहररावांकडं नेला. "मनोहरभाऊ, तुमच्या खोलीत चोर काय, वारा बी शिरत नाही. एवढा डबा ठेवू काय?"

"ठेवा ना बाई. विचारता काहून?"

हे गल्लीनं ऐकलं. रॉकेलची तेव्हा सोन्यासारखी किंमत, त्यामुळं ज्याच्या घरी डबा होता तो घेऊन निघाला. मग कोणाची तांब्याची भांडी आली, कोणाच्या लग्नाच्या साड्या आल्या. यमुताईंनीही पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या कापसाच्या नव्या गाद्या आत रचल्या, म्हणाल्या, "लोकायचं ठेवता तं माह्यं काहून नाही?" आमच्याकडची एक लाकडी पेटी होती, तीही गेली. आमच्या घरात उगाच पायात येत होती.

नवरात्र बसलं. पूजेसाठी बंदूक तेलपाणी करायला मनोहररावांनी कसरत करत बाहेर काढली. ती परत ठेवायला गेले तर तेवढ्यात डब्यांची नवी थप्पी कपाटाच्या दाराला टेकली होती. डबे सरकवावेत तर दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात कसा लावायचा? त्यांनी बंदूक धोतरात गुंडाळली आणि तात्पुरती माळ्यावर ठेवली. पऱ्हाट्यांत.

अष्टमीच्या सकाळी थानेदार आले. यमुताईंनी कुलूप काढलं. दार उघडताच रॉकेलचा असा भपकारा आला की थानेदारांनी हातातली विडी घाईघाईनं अंगणात फेकली.

"बंदूक कुठं आहे?"

"वर," मनोहरराव म्हणाले.

"वर कुठं?"

"माळ्यावर."

थानेदार बाहेर बाजेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "मनोहरराव, म्हणजे आग लागली तर बंदूक जळाली तरी चालेल, रॉकेल वाचलं पाहिजे, असं आहे काय?" मग उठले. "उद्या दुपारी येतो. खोलीत बंदुकीशिवाय काडी जरी दिसली, तर मी ती बंदूक घेऊन जाईन."

ते गेले आणि यमुताई कडाडल्या. भिंतीपलीकडं माझे कान होतेच.

"जा आता, सांगा एकेकाले, आपापलं उचला मनून."

"असं कसं सांगू वं? भरवशानं ठेवलं त्यायनं."

"मंग बंदूक जाऊ द्या ठाण्यात. भाऊ बी जाऊ द्या तिच्यासंगं."

मनोहरराव खोलीत शिरले, जिजाबाईंचा डबा उचलला आणि रस्ता ओलांडून गेले. मीही मागोमाग गेलो. हा माणूस पहिल्यांदा 'नाही' म्हणणार, आणि मी घरी बसू?

"जिजाबाई," मनोहरराव हात जोडून म्हणाले, "माह्याकडं जागेची मोठी अडचण आली. माह्यावर एवढा उपकार करा. हा डबा काही दिवस तुमच्याकडं ठेवता येईन काय?"

जिजाबाईंनी डब्याकडं पाहिलं. डबा त्यांचा, रॉकेल त्यांचं. मग त्या मोठ्या मनानं म्हणाल्या, "ठेवा बाप्पा. शेजारी कायले असते?"

घरोघरी हेच झालं. लोकांनी आपल्याच साड्या, आपलीच भांडी मनोहररावांची अडचण म्हणून ठेवून घेतली. कोणी कोणी कुरकुरलंही. शेवटी आमची लाकडी पेटी घेऊन ते आमच्या दारात आले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तुमाले जमन तितके."

मी जरा विचार केल्यासारखं केलं. "ठेवतो. पण उंदरानं कुरतडली तं जबाबदारी आमची नाही."

"नाही नाही. काही झालं तं मी आहो ना."

दुसऱ्या दिवशी थानेदारांनी खोली पाहिली, दार ठोकून पाहिलं, कपाटात बंदूक पाहिली आणि यमुताईंच्या हातचा चहा पिऊन गेले.

दसऱ्याला धोंडबा आला. बंदुकीला फूल वाहून झाल्यावर तो भिंतीवरून हात फिरवत राहिला. "दादा, एवढं सगळं एका बंदुकीसाठी केलं?"

"अवं, धोंडबाले ताट वाढलं काय?" मनोहरराव आत तोंड करून ओरडले. त्या दिवशी धोंडबा जेवण झाल्यावर लगेच निघाला नाही. दोघे भाऊ मागच्या अंगणात विहिरीबद्दल बोलत बसले. आवाज चढले नाहीत, म्हणून मला पुढचं ऐकू आलं नाही.

बहार आला तशी कळमेश्वरहून संत्र्यांची टोपली आली, आणि मनोहररावांनी ज्यांनी ज्यांनी 'त्यांचं' सामान ठेवून घेतलं होतं त्या प्रत्येक घरी वाटली. "अडचणीच्या वक्ताले कामी आले तुमी," असं म्हणत.

पेटी अजून आमच्याकडंच आहे. माझी बायको शोभा ती कोणाला तरी देऊन टाका म्हणते, पण मी ऐकत नाही. मनोहररावांची संत्री दरवर्षी येतात.