त्रिकोण बाईंचा गणवेश

आमच्या चित्रकलेच्या बाईंच्या पदरावर कधी फूल दिसलं नाही. कोयरी नाही, मोर तर नाहीच. साध्या सुती साडीवर काळे-तांबडे त्रिकोण त्या स्वतः कापून, शिवून लावायच्या. चोपड्यासारख्या गावात हे म्हणजे फारच झालं! बाजारात बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही शाळेतल्या पोरी त्यांना त्रिकोण बाई म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं, तर म्हणाल्या, "काकूपेक्षा बरं."

फळ्यावर फुलदाणी काढून 'हे उतरवा' असं त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्याजवळ पानं सुटलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. शंभर वर्षांपूर्वी रशियात, पॅरिसात काही चित्रकार बायका चौकटीतली चित्रं सोडून कापडाकडे वळल्या, कपडे बेतायला लागल्या, त्यांच्या कामाचे फोटो त्यात होते. "चित्र भिंतीला टांगून काय उपयोग? ते अंगावर घालून बाईला कामावर जाता आलं पाहिजे," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. फोटो सगळे काळे-पांढरे. यात रंग कोणते होते, असं विचारलं की म्हणायच्या, "मला काय माहीत? तुम्ही ठरवा." आणि आम्ही ठरवायचो. एवढा मान आम्हाला घरीदारी कुणी दिला नव्हता.

मी नववीत असताना हेडसरांनी मुलींचा नवा गणवेश त्यांच्यावर सोपवला. बाई हरखून गेल्या. आधी आम्हाला मैदानावर पळवलं, हात वर करायला लावले, मग मापं घेतली. ढगळ कुर्ता, अर्धा निळा, अर्धा विटकरी, छातीवरून तिरपा जाड पट्टा आणि कोपरापर्यंत हात जाईल असे दोन खिसे. ओढणी नाही. "दोन्ही हात मोकळे हवेत गं," त्या म्हणाल्या. ओढणी चाकात जाईल ही धास्ती न बाळगता मी सायकल चालवली ती तेव्हाच, आयुष्यात पहिल्यांदा.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातच अडवलं. "तुनी ओढनी कोठे शे वं?" आठवड्याभरात असे बरेच आबा शाळेत जाऊन बसले. त्यातच स्टँडवर टवाळ पोरांनी आमचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला. मेल्यांना कुणी काही बोललं नाही, खापर फुटलं कुर्त्यावर.

बाई तासिका तत्त्वावर, त्यांना काढायला एक कागद पुरे होता. हेडसर तो घेऊन वर्गात आले. 'या गणवेशाची आम्हाला लाज वाटते.' मी वर्गाची मॉनिटर, शहाणपण नुसतं ओतू चाललेलं. पहिली सही माझी. बाकीच्यांनी माझ्यामागून मुकाट्याने केल्या.

बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "खरंच लाज वाटत होती का गं तुला?" पलीकडे हेडसर उभे होते. मी "हो" म्हणाले. सोमवारपासून बाई आल्या नाहीत.

या दिवाळीत त्या गेल्या, म्हणून हे लिहितेय. मागच्या वर्षी धुळ्यात लग्नाच्या साड्यांना फॉल लावून घ्यायला एका गल्लीत शिरले, तर मशीनवर बाई. अंगाने निम्म्या झालेल्या. चित्रकलेची नोकरी त्यांना पुन्हा मिळाली नाही. जिथे जातील तिथे चोपड्याचा तो कागद त्यांच्या आधी पोचायचा. नजर अधू झालेली, तरी मला त्यांनी नावानिशी ओळखलं. मला तिथेच रडू फुटलं. "बाई, मला लाज वाटत नव्हती. मी खोटं बोलले. मला तो कुर्ता फार आवडायचा."

बाईंनी फॉलची शिलाई पुरी केली, दोरा तोडला आणि साडीची घडी माझ्या हातात दिली.

"मला ठाऊक होतं गं ते," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं होतंस."