थरथर कोणाची? जुन्या पिकअपने हुडकेश्वर ते खापा

आमच्या पिकअपची किल्ली आजवर बाबांच्या शर्टाच्या खिशातच राहिली. शर्ट धुवायला पडला की आई आधी खिसा चाचपते आणि मगच साबण लावते. म्हणून या हिवाळ्यात ती किल्ली दारामागच्या खिळ्यावर लटकलेली दिसली, तेव्हा मला वाटलं, विसरले असतील.

"विसरलो नाही," बाबा म्हणाले. "संक्रांत झाली का गिऱ्हाईक येऊन राहिलं गाडी पाहाले. काढून टाकू. माझे हात थरथरते आता."

नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला आमची छोटीशी नर्सरी आहे. बाबा तिथे संत्र्याची कलमं बांधतात. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपट्याच्या सालीत चाकूने बारीक काप द्यायचा, त्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा अलगद बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. हात हलला की डोळा वाळतो. गाडी चालवताना हात थरथरायला लागले म्हणून बाबांनी या मोसमात कलमाच्या चाकूलाही हात लावला नव्हता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासून "वयाच्या मानाने अगदी ठीक" असं सांगितलं, पण बाबांनी त्यातला फक्त "वय" हा शब्द घरी आणला. गाडी, नर्सरी, सगळंच त्यांनी मनातल्या मनात आवरायला काढलं होतं. मला ते मुळीच बघवत नव्हतं.

तुम्हाला माहीत आहेच, मी नोकरी सांभाळून जवळजवळच्या जागी भटकते आणि इथे लिहिते. हिमालयबिमालय आपल्या नशिबात नाही. या वेळी मी जाहीर केलं, की पिकअप घेऊन खाप्याला जायचं. खापा हे कन्हान नदीकाठचं बाबांचं गाव. माझा चुलतभाऊ दिलीप याचं तिथे गॅरेज आहे. "विकायचीच तर पुढच्या चाकांचं काम करून विकू, चार पैसे जास्त येतील," असं मी बाबांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. गाडी जायच्या आधी तिच्यातून बाबांना एकदा नदीवर न्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

आई रोपांना पाणी घालायला घरी थांबली. आम्ही दोघं सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते.

हुडकेश्वरहून निघालात तर शहरात शिरू नका, बाहेरच्या रिंगरोडने वळसा घालून सावनेरचा रस्ता धरा. किलोमीटर थोडे वाढतात, पण डोकं शांत राहतं. त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की झाडं फक्त कमरेपर्यंत दिसत होती. समोरून येणारे ट्रक आधी दोन पिवळे ठिपके होऊन तरंगत यायचे आणि मग एकदम ट्रक व्हायचे. कोराडीच्या पुढे टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, जपून मागा. मी जपले नाही, आणि पुढचा बराच रस्ता नाक पुसत गेला.

धुकं विरळ झालं तशी मी जरा वेग वाढवला. काटा पन्नासच्या पुढे सरकला आणि स्टेअरिंगमधून एक बारीक थरथर उठली. बोटांतून मनगटात आली, मनगटातून कोपरात. शिवाय गाडी सारखी डावीकडे ओढत होती.

"उजवीकडं धरून ठेव वं थोडं," बाबा म्हणाले. "थे आपोआप डाव्या बाजूले जाते. लय वर्षांची सवय आहे तिची."

"बाबा, पाहा न, माझेही हात थरथरून राहिले."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले. "तू नवीन आहेस म्हणून," ते म्हणाले.

गाडी सरळ चालवण्यासाठी आमच्या घरची एक खास रीत आहे. ती इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तिनेच आम्हाला रडवलं. गाडी डावीकडे ओढते हे लक्षात आल्यावर बाबांनी मेकॅनिककडे जाण्याऐवजी माल भरायची पद्धत बदलली. जड कुंड्या, मातीची पोती उजवीकडे, हलकी रोपं डावीकडे. गाडी सरळ! बाबांच्या या शोधाचं आम्ही वर्षानुवर्षं कौतुक केलं. आमच्याकडे डाव्या बाजूला मोगरा आणि उजव्या बाजूला आंबा, हा जणू कुळाचारच होऊन बसला.

खाप्यात शिरताना ऊन पडलं होतं. दिलीपचं गॅरेज रस्त्याला लागूनच आहे. हा माणूस हाताने जेवढं काम करतो त्याच्या दुप्पट तोंडाने करतो.

"काका, गाडी आणली का झुला आणला?" त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं आणि मला म्हणाला, "धर वं ताई, वरून-खालून हलव." मी हलवलं. लोखंडाचं चाक पडत्या दातासारखं डुगडुगलं. बॉल जॉइंट गेलेले, टायरॉडचे शेंडे ढिले, रबरी बुशांचा चुरा झालेला, शॉकअपमधून तेल पाझरून वाळलेलं. टायरची आतली कड तर गुळगुळीत झाली होती.

"काहून एवढे दिवस चालवली अशी?" दिलीपने विचारलं.

"चालत होती," बाबा म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे थरथर गाडीचीच होती बाबा!"

"गाडीची असंन थोडी," ते म्हणाले. "पण हात माझे मले माहीत आहेत."

सामान नागपूरहून मागवायचं होतं, म्हणून मुक्काम करावा लागला. तुमचे इथे नातेवाईक नसतील तर संध्याकाळी नागपूरला परतलेलं बरं. आमच्याकडे दिलीपची आई, म्हणजे माझी काकू होती. तिने ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या आणि रात्री बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला. गोळाभातावर कढत फोडणीचं तेल ओतताना जो आवाज होतो, तो ऐकल्याशिवाय विदर्भ पाहिला असं म्हणू नका.

दुसरा दिवस नदीवरच गेला. हिवाळ्यातली कन्हान अंग चोरून वाहते. मधोमध वाळू, वाळूच्या कडेने पाण्याची संथ निळी पट्टी, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे धूत होतं. धोपटण्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचायचा तेव्हा कपडा पुन्हा वर गेलेला असायचा. मी वाळूवर पाठ टेकली. ऊन पापण्यांवर बसलं होतं. मला झोप लागली की नाही कोण जाणे, पण नदी माझ्या अंगाखालून चालली आहे आणि आपण आडवे पडल्या पडल्या कुठेतरी पोचणार आहोत, असं बराच वेळ वाटत राहिलं.

डोळे उघडले तेव्हा बाबा पाण्यात हात बुडवून उकिडवे बसले होते. पाण्याखाली त्यांची बोटं हलताना दिसत होती. प्रवाहामुळे तसं दिसत असेल.

"इथंच पोहाले शिकलो," ते म्हणाले. "तवा हात कसे आहेत, हे पाहाची कधी गरजच नाही पडली." मग म्हणाले, "डोळा बांधताना हलला हात, तर झाडाचं नुकसान आहे वं. मुकं झाड थे. कोणाले सांगंन?"

मीही शेजारी बसून पाण्यात हात घातले. पाणी बर्फासारखं गार होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. ज्यांच्याकडे जुनी पिकअप आहे त्यांच्यासाठी सांगते. बॉल जॉइंट, टायरॉडचे शेंडे, बुश, शॉकअप हे दोन्ही बाजूंचं एकदमच बदला. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवून वाचवलेला खर्च टायर खाऊन टाकतात. काम झालं की मशीनवर अलाइनमेंट हवीच. आमच्या गाडीची दिलीप सावनेरला जाऊन करून आला. सगळा खर्च एका बऱ्यापैकी मोबाइलएवढा आला. मोबाइल आपण दोन वर्षांत बदलतो, मग गाडीचा विचार करताना एवढं रडायचं कशाला?

निघताना काकूने शेतातल्या पोयट्याची, म्हणजे गाळाच्या मातीची पोती आणि जंभेरीची रोपं दिली. "न्या भाऊजी, तुमच्या हातची कलमं लागते," ती म्हणाली. माल बाबांनी स्वतः उभं राहून भरून घेतला. मी आत काकूच्या पाया पडत होते.

मग दिलीपने किल्ली माझ्या हातात न देता सरळ बाबांपुढे धरली. "काका, गावाबाहेरपर्यंत तरी चालवा. माझ्या कामाची परीक्षा कोण करन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम ओढणी नीट करत बसले. अखेर ते गाडीत चढले.

गाव सुटलं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. स्टेअरिंग शांत होतं. मी श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे पाहत होते. थरथर नव्हती! पण गाडी हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे, उजवीकडे सरकू लागली. बाबांनी ती डावीकडे आणली. ती पुन्हा सरकली. समोरून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला, आणि बाबांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"पाहलं?" ते हलकेच म्हणाले. "गाडी नवी झाली. हात जुनेच आहेत." किल्ली काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

इतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. सगळा खटाटोप मीच मांडला होता आणि त्यातून त्यांच्या भीतीला पुरावा तेवढा मिळाला. जागा बदलून मी गाडी चालू केली. जरा पुढे गेले तर माझ्याही हातात ती उजवीकडेच चालली! दिलीपला शिव्या घालत मी उतरले, टायर पाहिले, गाडीभोवती फेरी मारली. आणि मागे येऊन उभीच राहिले.

उजव्या बाजूला पोत्यांवर पोती रचलेली. डाव्या बाजूला जंभेरीची कोवळी रोपं वाऱ्यावर डुलत होती.

"बाबा, ही पोती कोणी लावली?"

"मी. काहून?" ते खाली उतरले. "नेहमीसारखीच तं लावली."

एवढं बोलून ते थांबले. पोत्यांकडे पाहिलं, पुढच्या चाकाकडे पाहिलं, परत पोत्यांकडे पाहिलं. आणि मग त्या रिकाम्या रस्त्यावर माझे बाबा असे हसत सुटले की बागेतले बगळे उडाले. नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण म्हणतो. आमचं अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते सरळ झाल्यावरही आम्ही वाकड्या अंगणाचाच नाच नाचत होतो.

पोती आम्ही दोघांनी मिळून सरकवली. पोयटा चांगलाच जड असतो. एका बाजूचे कान मी धरले, दुसऱ्या बाजूचे त्यांनी, आणि हात आधी माझेच सुटले.

"सोड, सोड. तुझ्यानं नाही होत," बाबा म्हणाले आणि शेवटचं पोतं त्यांनी एकट्याने ओढलं.

तिथून घरापर्यंत त्यांनीच गाडी चालवली. ऊन तिरपं झालं होतं. खड्डे आले तसे गेले, गाडी फक्त मान हलवून पुढे जायची. सावनेर रस्त्याला लागल्यावर स्टेअरिंग इतकं निवांत झालं की मला पुन्हा नदीवरच्यासारखी गुंगी आली. मधेच डोळे किलकिले केले तर बाबा ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होते आणि सावल्या त्यांच्या हातांवरून एकामागून एक सरकत होत्या. घर अजून लांब असावं, असं वाटत होतं.

या प्रवासाचे फोटो फारसे चांगले आले नाहीत. धुकं तर एकातही सापडलं नाही. पण परवा रविवारी सकाळी नर्सरीत गेले, तर बाबा जंभेरीच्या वाफ्यापाशी चाकू घेऊन बसले होते. मी मागे उभी राहून पाहत होते. काप देताना त्यांचा हात हलला. अगदी किंचित, पण हलला. बाबांनी मनगट गुडघ्यावर टेकवलं, हात स्थिर होऊ दिला, मग काप दिला, डोळा आत सरकवला आणि पट्टी गुंडाळली.

मी तिथे आहे हे त्यांना कळलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "आता समजलं, यातली माझी किती अन् गाडीची किती. माझी थोडीशीच आहे. तेवढी मी सांभाळतो."

गिऱ्हाइकाचं काय, असं मी विचारलं.

"त्याले आईनं कालच परत पाठोलं. तू जा, चहा ठेव."

मी आत आले. चहाचं आधण ठेवलं. दारामागच्या खिळ्यावर आता नुसती पिशवी लटकत होती.