सुतकातला घाणा

करडईचा वास आधी नाकाला लागत नाही, घशाला लागतो. फाल्गुनातल्या पहाटे, दंवाने काटे जरा नरमलेले असतानाच ते पीक उपटावे लागे. ऊन चढले की झाडाला हात लाववत नसे. मग खळ्यावरून पांढरेशुभ्र दाणे पोत्यांतून आमच्या दारात येत आणि महाळुंग्याच्या टोकाला असलेल्या आमच्या आळीत दिवसभर एक कोमट, किंचित कडसर, दाट गंध भरून राही. तो माझ्या कपड्यांना होता, वह्यांना होता, अंथरुणाला होता. मला त्याची लाज वाटे, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

आमचा घाणा म्हणजे चिंचेच्या अजस्र बुंध्याचे, जमिनीत गाडलेले उखळ. त्यात दाणे चिरडणारी बाभळीची लाट, म्हणजे जाड मुसळ, उभी, आणि ती फिरवत, डोळ्यांना झापडे बांधलेला बैल दिवसभर त्याच वाटेने चाले. आजोबांनी बसवलेल्या त्या उखळाने इतक्या वर्षांत इतके तेल प्यायले होते की आता त्याला कोरडे राहणे जमतच नव्हते. सोमवारी महादेवाच्या नंदीला विसावा म्हणून आम्ही तेली घाणा जुंपत नसू. पण त्या दिवशीही आबा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी पळीभर तेल उखळात फिरवून वर ओले गोणपाट टाकीत. उन्हाळ्यात हा नेम चुकवून भागणारच नव्हते, कारण उखळाला एका अंगाने केसाएवढी जुनी चीर होती आणि शेजारच्या सुतारकाकांनी पाचर ठोकून ती कशीबशी थोपवली होती. "वल्लं हाय तवर हाय," ते म्हणत. तसले दुसरे उखळ आता कोण कोरून देणार होते? तेवढ्या घेराची चिंच पंचक्रोशीत उरली नव्हती.

स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली असतील. चाकणला इंजिनावरची तेलगिरणी सुरू झाली होती आणि आमचे निम्मे गिऱ्हाईक तिकडे वळले होते. पिंपरीच्या माळावर, जिथे कालपर्यंत कुसळी गवताशिवाय काही नव्हते, तिथे कारखान्यांच्या भिंती चढत होत्या. त्यांतल्याच एकात मला नोकरी लागल्याचे पत्र आले. ज्येष्ठ लागण्यापूर्वी हजर व्हायचे होते. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घाना चालू हाय तवर न्हाई. बंद पडला तर जा. मग तुला कोन आडीवतंय?"

त्या दिवसापासून घाण्याची ती संथ करकर मला सोसवेना.

वैशाखात आई गेली. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. गिऱ्हाइकाला तेल मोजून झाल्यावर माप उपडे धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबणारी ती बाई, स्वतः मात्र कुणासाठी क्षणभरही न थांबता निघून गेली. घरावर सुतक आले. तेरा दिवस घाणा बंद, फोडणी बंद, केसांना तेल बंद. तेल्याच्या घरात तेलाला शिवायचे नाही. जळत होते ते फक्त तिने प्राण सोडला त्या जागेवरच्या दिव्यात. आबा त्या दिव्यासमोर भिंतीला टेकून बसून राहत. बाहेर उन्हाने माती भाजून निघत होती, आणि उखळावरचे गोणपाट वाळून ताठ झाले होते.

चौथ्या दिवशी दुपारी सुतारकाका मला गोठ्याशी गाठून हळूच म्हणाले, "तुजी आय गेली, आत्ता बोलू न्हाई. पर उखळ वाळतंय, बाबा. मला काय तुमचं सुतक न्हाई. माज्या घरचं वाटीभर तेल टाकू का?"

"आबा नको म्हणतात, काका," मी म्हणालो.

आबांना मी विचारलेच नव्हते. काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, "बरं" म्हणाले आणि गेले. ते वाक्य मी ठरवून उच्चारले नव्हते, असे मी पुढे पुष्कळदा स्वतःला बजावले आहे. पण शब्द परत घ्यायला मला सहा दिवस होते. रोज दुपारी मी घाण्याच्या छपरात जाऊन उखळापाशी उभा राहत असे, आणि काकांचे दार तिथून वीस पावलांवर होते.

दहाव्याला नदीवरून परतलो तेव्हा उखळ काठापासून थेट जमिनीपर्यंत उकललेले होते. आवाज झाला असेल तर तो ऐकायला घरात कुणी नव्हते. आबांनी त्या भेगेत चार बोटे घातली, बाहेर काढून पाहिली. बोटे कोरडी होती. सुतारकाकांनी वाकून पाहिले आणि मान हलवली. "आता न्हाई सांधायचं ह्ये." आबांनी वाळलेल्या गोणपाटाची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू जा पिंपरीला."

मी गेलो. चिंचवडला खोली घेतली, शिफ्ट सांभाळली, रविवारी गावी येत राहिलो. बैल विकला गेला होता. आबा बाटली घेऊन चाकणच्या गिरणीवर तेल आणायला जात. तेल्याने तेल विकत आणायचे! जाताना ते बाटली धोतराच्या सोग्यात झाकून नेत, आणि ते पाहूनही मी जेवत असे. मला ते विचारीत, खोलीवर पाणी येते का, खानावळीत भाकरी बरी मिळते का. घाण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांना ठाऊक नाही, या एका आधारावर मी त्यांच्यासमोर बसू शकत होतो.

तीन वर्षांनी आबाही गेले. त्यांच्या दहाव्याला, इंद्रायणीच्या काठावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत सगळे ताटकळले असताना, सुतारकाका माझ्याजवळ येऊन बसले.

"तुला एक सांगायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "तवा तेलाचं म्या आदी तुज्या आबालाच इचारलं व्हतं. त्यो म्हनला, सुतकात म्या व्हय कसं म्हनू? पर घाना उद्या पोरालाच चालवायचा हाय. त्याला इचार. पोरगं म्हनंल तसं कर. तुजं उत्तर म्या सांजच्याला त्याला सांगितलं."

पाण्यावर ऊन इतके होते की डोळे उघडे ठेववत नव्हते. म्हणजे मी खोटे बोललो ते काकांना त्याच क्षणी कळले होते, आणि त्या संध्याकाळी आबांनाही. त्यानंतरचे सहा दिवस ते दिव्यासमोर बसून होते. दार उघडे होते, काका शेजारी होते, आणि नुसती मान हलवली असती तरी तेल पडले असते. त्यांनी ती हलवली नाही. तो दंड होता, की मला जायचेच आहे हे ओळखून त्यांनी आपल्या हाताने सोडलेली दोरी होती, हे सांगू शकणारा माणूस त्या दिवशी राख होऊन दहा दिवस झाले होते.