आत्याचा लाल आणि अप्पांचा कोट

माझं लग्न ठरलं आणि घरात दोन कटकटी एकदम सुरू झाल्या. पहिली अप्पांची. मुलाकडची माणसं सांगलीची. त्यांनी सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, म्हैसुरात कसे? अप्पा शाळेत कानडीतून इतिहास शिकवायचे, आणि भाषेवरून राज्यांची वाटणी झाल्यापासून तिथेही हाच प्रश्न ऐकून त्यांचे कान किटले होते. आपण रंगारी, पिढ्यान्‌पिढ्या लोकांची लुगडी उकळत आलो, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी ठोकून दिलं, आमचे पूर्वज हद्दीवरच्या कोटाचे राखणदार!

दुसरी कटकट आत्याची. आमच्यात अंतरपाट घरी रंगवलेल्या लाल कापडाचा लागतो. घरात विहिरीऐवजी नळाचं पाणी आलं आणि तो लाल विटकरी येऊ लागला. माझ्या चुलतबहिणींच्या लग्नात दुकानातलं कापड धरलं, तेव्हा आत्या न जेवताच घरी निघून आली होती. माझ्या वेळी तिनं जाहीर केलं की लाल साधला नाही तर ती मांडवात पाऊलच टाकणार नाही. आई गेल्यापासून मला तिनंच वाढवलेलं. ती नाही तर लग्न कसलं, डोंबलाचं?

तेव्हा तोडगा मीच काढला. थाप निभावायला अप्पांना कोट बघायचा होता, आत्याला रंगाजोगं पाणी. भाड्याची अँबेसेडर ठरवली. मागे आम्ही दोघी, मधे लाल रंगासाठी मंजिष्ठेची मुळं, हिरडा-तुरटी लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, घागर आणि स्टो.

कोट म्हणजे कुणा जुन्या राजानं हद्दीवर घातलेला मातीचा बांध. वरुणा गावाच्या पुढे शेतात सुरू होतो, मधेच उसात गडप होतो, आणि पुढच्या गावी कुणाच्या तरी म्हशी त्यावर चरत असतात म्हणून पुन्हा सापडतो. अप्पा त्या म्हशींच्या शेजारी उभे राहून शत्रू कुठून आला ते हातवारे करून सांगत. आत्या देवळाच्या पायरीवर स्टोला पंप मारी. गावकऱ्यांना वाटलं कॉफी आहे. एकानं साखर कमी टाकायला सांगितली. पट्टी निघाली तपकिरी.

आत्याचा सगळा भरवसा कावेरीवर होता. तलकाडला वाळूत पाय भाजत होते, अप्पा राज्यं कशी बुडतात ते सांगत होते, आणि ऐकायला आमच्यापैकी कुणीच जागेवर नव्हतं. आत्यानं नदीची ओंजळ प्यायली, वा वा म्हणाली, पट्टी उकळली. पुन्हा विटकरी. "पाणी अमृत आहे," ती म्हणाली, "पण रंगाला काडीचा उपयोग नाही." मग स्टो उचलून ती गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर एका छोट्या गावात कोट बराच उंच उरला होता, आणि पायथ्याशी विहीर. तिथल्या बायका म्हणाल्या, हे पाणी नका घेऊ, यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आत्याचा चेहरा असा उजळला की बायका घाबरल्या; मंजिष्ठेला असंच जड पाणी लागतं. स्टो पेटला. आम्ही वाट बघत बसलो, आणि पट्टी बाहेर आली ती पिकल्या मिरचीसारखी लाल.

अप्पा कोटावरून उतरले. त्यांनी पट्टी घेतली आणि आपल्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर खसाखसा घासली. रंग लागला नाही. शेवटी रंगाऱ्याचाच पोर तो. मग हळूच विचारलं, "अक्का, आपली माणसं या कोटाच्या आत होती की बाहेर?"

"विहीर ज्या बाजूला, त्या बाजूला," आत्या म्हणाली. "आता सुम्ने, उगाच उभा राहू नकोस, घागर उचल."

लग्नात सासूबाईंनी अंतरपाटाला हात लावून बघितला आणि एवढा लाल कुठून आणला म्हणून विचारलं. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी घसा खाकरला.

"आम्ही रंगारी," ते म्हणाले. "इथलं पाणी मानवलं, म्हणून राहिलो."

आत्या पहिल्या पंगतीला बसली ती उठेचना.