ही म्हणजे तो

आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू होई. त्याच वर्षी मी पिंपळनेरजवळच्या खेड्यातून धुळ्याला मामांकडे शिकायला आले. त्यामुळे इंग्रजीचा आणि दुसऱ्याच्या घरात राहण्याचा कंटाळा मला एकदमच आला.

आई मी चौथीत असताना गेली होती. तेव्हापासून घरी भाकरी माझे वडील करत. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. पीठ मळायला बसले की ते आधी दार लोटून घेत. कुणी विचारलंच तर शेजारची काकू करून देते असं सांगायचं, हे आमचं ठरलेलं होतं. मला धुळ्याला पाठवताना त्यांनी एकच अट घातली. "नापास व्हयनी ते शाळा बंद. मंग घर ये." रागावून नव्हते बोलले, पण बोलले की तसं करणारा माणूस.

पहिली फजिती वाचताना झाली. फळ्यावरचं एस-एच-ई मी खणखणीत 'शे' असं वाचलं आणि बाईंनी अर्थ विचारला तर 'आहे' म्हणून मोकळी झाले. आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहेच की! सगळा वर्ग पोट धरून हसला. पुढे वर्षभर शहरातल्या मुली मला 'ए शे' अशीच हाक मारत. सुरुवातीला मी चिडत असे. मग चिडायचाही कंटाळा आला.

उताऱ्यांचं तंत्र मात्र जमलं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. अर्थ कळायची गरजच नसे. खरा छळ ऐकण्याचा होता. दर शनिवारी बाई एक गोष्ट दोनदा वाचत, आम्ही हाताची घडी घालून ऐकायचं आणि मग प्रश्नांची उत्तरं लिहायची. पहिल्याच ओळीतल्या एखाद्या शब्दापाशी मी अडून बसे, तोवर गोष्ट संपलेली असे. असे दोन वर्षं शनिवार काढले. आजही कुणी मोठ्याने इंग्रजी वाचू लागलं की मला जांभई येते.

नववीच्या वार्षिक परीक्षेत बाईंनी एका पोस्टमनची गोष्ट वाचली. आणि काय सांगू, मला ती कळत होती! त्याची मुलगी तापाने फणफणलेली. 'शी' म्हणजे मुलगी, हे आता पक्कं झालं होतं. पण तिच्यासाठी पेज करणारी, कपाळावर पट्ट्या ठेवणारी ती 'ही'. कागदावर एच-ई म्हणजे तो, हे मला पाठ होतं. कानाला मात्र ही म्हणजे बाईमाणूसच वाटलं. पेज कुणी केली? मी लिहिलं, आईने. पट्ट्या कुणी ठेवल्या? आईने. पाचही उत्तरांत आई लिहिली, पाचही चुकली आणि इंग्रजीत मी तीन गुणांनी नापास झाले.

"अगं, गोष्टीत आई कुठून आणलीस तू?" पेपर दाखवताना बाई म्हणाल्या.

नाना न्यायला आले. एसटी स्टँडवर गावाकडे नेणाऱ्या साक्रीच्या गाडीची वाट बघत मी ट्रंकेवर बसले होते. मला रडूही येत नव्हतं, इतकी मी दमले होते. काय चुकलं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळी गोष्ट सांगितली.

"मंग पेज कोनी करी?"

"बापनी."

"आनि तू काय लिखं?"

"मायनी."

नानांनी शिदोरीचं फडकं सोडून कडा करपलेली भाकरी माझ्यापुढे धरली.

"हाई भाकर मी करी," ते म्हणाले. शेजारी बसलेली माणसं ऐकत होती, तरी आवाज खाली आणला नाही. "हाई इंग्रजीमा लिखी दखाड."

नानांच्या 'मी'च्या जागी मी ट्रंकेवरच्या धुळीत बोटाने एच-ई लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'ही'.

"ही म्हंजे कोन?"

"ही म्हंजे तुम्ही, नाना."

साक्रीची गाडी लागली. नानांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि उलट, मामांच्या घराकडे चालू लागले.

"आखो एक साल नववीमा बस," मागे न बघता ते म्हणाले. "आते नीट ऐक."