शेतात सापडलेला वास्तुपुरुष

इतकी वर्षं झाली, तरी ते प्रकरण आठवलं की माझी मान खाली जाते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. अमेरिकेत, हर्नडन गावाच्या पलीकडे तेव्हा मक्याची शेतं होती आणि त्यांना लागून नवी घरं उठत होती. मी काउंटी पोलिसात तपास अधिकारी होतो. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच, आणि त्याचा मला तोरा होता.

वसंतात नांगरट झाली की हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरत. यादवी युद्धातल्या गोळ्या, सैनिकांची बटणं सापडत. शेतकऱ्याची परवानगी असली की आमची हरकत नसे. एके सकाळी जुन्या नाण्यांच्या दुकानदाराचा फोन आला. एक स्कूल बस ड्रायव्हर सोन्याची इवलीशी मूर्ती दाखवायला आला होता आणि दुकानदाराला शंका येत होती.

मूर्ती पाहताच मी ओळखली. तो वास्तुपुरुष होता. वास्तुशांतीला घराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली पुरतात तो. म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरून जमीन उकरली होती, असा हिशोब मी जागच्या जागी मांडला.

ड्रायव्हरला ठाण्यावर बोलावलं. पन्नाशीचा, हात मातीनं भरलेले. शेतकऱ्याची परवानगीची चिठ्ठी त्यानं घडी करून पाकिटात ठेवली होती.

"कुठं मिळाली?"

"मक्याच्या शेतात. पालथी होती. शेजारी पाच रंगीत खडे."

पालथी आणि पंचरत्नं! माझी खात्रीच पटली. हे शेतात नसतं, घरात असतं, असं मी त्याला चार तास सुनावत होतो. तो एकच सांगत राहिला, "सर, शेतातच." खोटं बोलणारा माणूस दर वेळी नवं काहीतरी जोडतो, हा माझाच अनुभव. हा काहीच जोडत नव्हता. पण ऐकतो कोण!

"घरफोडी लागली तर माझी बस जाईल," तो शेवटी म्हणाला. "बावीस वर्षं मुलं ने-आण करतोय."

"तक्रारदार कुठंय?" आमच्या सार्जंटनं विचारलं.

"सापडेल," मी म्हटलं. आणि ड्रायव्हरच्या ड्यूटीच्या वेळा तपासायला बस डेपोला फोन केला. घरफोडीचा तपास आहे, हेही सांगून टाकलं. त्याला घरी सोडलं, पण डेपोनं त्याच दुपारी त्याला बसवरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी शेताला लागून असलेल्या कॉलनीत गेलो. तिथं मराठी घर एकच. काकूंनी चहा टाकला आणि मी चोरीचं विचारताच हसल्या.

"चोरी कसली रे? आमच्या बेसमेंटला सगळं काँक्रीट. फ्लोअर फोडला तर वॉरंटी कॅन्सल! म्हणून पुण्याला गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, बाहेर आग्नेयेला पुरा. पण लॉन इतकं टणक, फावडंच लागेना. जरा पुढं नांगरलेली मऊ माती होती, तिथं ठेवला."

"जरा पुढं म्हणजे?"

"वीसेक पावलं. इथं कुठं कंपाउंड असतं कुणाला? मला वाटलं, आपलंच बॅकयार्ड."

चहा अर्धा टाकून मी उठलो. तिथूनच शेतकऱ्याला विचारून जागा पाहिली. ड्रायव्हरनं बुजवलेला खड्डा शेतातच होता.

प्रकरण बंद केलं. मूर्ती घेऊन ड्रायव्हर आणि मी काकूंकडे गेलो. ती अंगणात पुन्हा पुरताना कोणत्या बाजूला डोकं होतं, हे त्यानंच सांगितलं. मग मी वर्दीत डेपोवर गेलो आणि सगळ्यांसमोर चूक माझी, असं बोललो. त्याला बस परत मिळाली. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला ती वस्तू माहीत होती, म्हणून मला वाटलं, तुम्ही तरी माझं ऐकाल."

नोकरीभर मी नव्या पोरांना सांगत आलो की जे आपल्याला पाठ आहे, तेच आधी तपासा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आमच्या घरात उठता-बसता ऐकलेलं. पण माझ्या शहाणपणाची किंमत दुसऱ्यानं भरली. कागदावर तो निर्दोष ठरला. त्याच्या रूटवरच्या दोन आया मात्र वर्ष संपेपर्यंत आपल्या मुलांना स्वतःच्या गाडीनं शाळेत सोडत राहिल्या.